बेचाळिसावी चाचणी

३ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार केला असं समज आणि पुढचं वाच, कारण मी घाईत आहे आणि तुझ्यावर चिडलेय.

ज्या प्रयोगशाळेतून तू निवृत्त झालास तिथेच मला नोकरी लागली तेव्हा सगळं घर नाचत होतं. तू मात्र एवढंच म्हणालास, "जुनी कपाटं उघडू नकोस." आता कळलं का ते. मी उघडलं आणि आतून तू निघालास.

झालं असं. इथे मधमाश्यांना रोग लागलाय. पेट्याच्या पेट्या सडताहेत. हुकूम निघालाय की रोगाच्या पट्ट्यातली प्रत्येक पेटी पंधरा एप्रिलला जाळायची. आणि या पट्ट्याच्या बरोबर मधोमध एका बाईंच्या चाळीस पेट्या धडधाकट उभ्या आहेत. सगळे तिला मधमावशी म्हणतात. ती म्हणते, बावीस वर्षांपूर्वी असाच रोग आला होता, त्यातून तगलेल्या माश्यांचाच हा वंश आहे, यांना काही होत नाही. अधिकारी म्हणतात, सिद्ध करा, मग बघू. ते सिद्ध करायचं काम आमच्या विभागप्रमुख मॅडमनी माझ्या गळ्यात घातलंय.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या माश्यांच्या जनुकांची नोंद आपल्याकडे आहे. पण त्या फाइली फक्त तुझा 'जुळणी' नावाचा प्रोग्रामच वाचू शकतो, कारण त्या कशा लिहायच्या हेही तूच ठरवलं होतंस. कपाटात तयार प्रोग्राम नाही, नुसता सोर्स कोड. म्हणजे सदरा नाही, कापड आणि कात्री. मी बाह्या सरसावून कंपाइल करायला, म्हणजे शिवायला, घेतलं तर दोनशे बारा एरर! मामा, दोनशे बारा! शेवटी शेवटी तर यंत्रच मला कंटाळलं.

फोनवर तुला ऐकू येत नाही, ईमेल तू उघडत नाहीस. पोस्टात जाऊन तिकीट मागितलं तर काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. लवकर उत्तर दे.

तुझी भिंगरी


७ मार्च

भिंगरे,

पत्र पोचलं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरतो, त्यापेक्षा हे बरं.

दोनशे बारा एरर कधीच नसतात. एरर असतो एकच. बाकीचे त्याच्या पाठोपाठ ओरडत आलेले असतात. तू शेवटून वाचायला सुरुवात केली असणार, लहानपणी गोष्टीचं पुस्तकही तू शेवटूनच वाचायचीस. वर जा. पहिला एरर शोध आणि मला लिहून पाठव. हातानं. छापून नाही, फोटो काढून तर अजिबात नाही. मी तिथे होतो तेव्हा नियमच होता: एरर हातानं उतरवून आणा, मगच माझ्या टेबलापाशी या. निम्मी माणसं उतरवता उतरवताच परत फिरायची. वाचलं की कळतं, पण वाचायचा कंटाळा.

आणि 'रीडमी' नावाची फाइल वाचलीस का? खरं सांग.

तुला त्या कपाटात मी सापडलो हे वाचून मामीला हसू आवरेना. मलाही बरं वाटलं. तेवढं मान्य करतो.

मामा


११ मार्च

प्रिय मामा,

नव्हती वाचली. आता वाचली. पहिलंच वाक्य: "ही फाइल कोणी वाचणार नाही हे मला माहीत आहे." मी इतकी मोठ्यानं हसले की मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तुझे मामा असेच होते."

पहिला एरर सुवाच्य अक्षरात उतरवून सोबतच्या कागदावर पाठवतेय. उतरवता उतरवता अर्धा कळलासुद्धा, म्हणजे तुझा नियम चालतो. तुझ्या जुन्या फाइली दाबून लहान केलेल्या आहेत, त्या उलगडणारी लायब्ररी प्रोग्रामला हवीय आणि ती या यंत्रावर नाही. मग टाका की, असं तू म्हणशील. पण इथे सगळ्यांच्या यंत्रावर काहीही टाकायचा अधिकार एकाच माणसाला आहे. आम्ही त्याला किल्लीवाला म्हणतो. तो बहिणीच्या लग्नाला गेलाय आणि या महिन्यात काही परत येत नाही.

काल मधमावशीकडे प्रत्येक पेटीतल्या माश्या आणायला गेले होते. पासष्टीची असेल. हातमोजे नाहीत, जाळी नाही. पेटीचं झाकण उचलते आणि आत बघून बोलते, "काय गं, जेवलात का?" मला विचारलं, "पोरी, तुझं ते यंत्र काय म्हणतंय?" मी म्हटलं, "अजून बोलायला लागलं नाही." ती म्हणाली, "लवकर बोलतं कर. मला दुसरं काही येत नाही."

मामा, मला हे जमायलाच हवं.

भिंगरी


१५ मार्च

भिंगरे,

अक्षर सुधारलंय.

किल्लीवाल्याच्या पाया पडायची गरज नाही. दुसऱ्याच्या घरात खिळा ठोकायला परवानगी लागते, आपल्या खोलीत नाही. यंत्रावर तुझा स्वतःचा फोल्डर आहे ना? लायब्ररीचा सोर्स कोड आण, ती त्या फोल्डरात कंपाइल कर, तिथेच बसव. मग 'जुळणी'ला सांग की लायब्ररी अमुक ठिकाणी आहे आणि तूही तिथेच बस. नेमक्या आज्ञा मागच्या पानावर लिहिल्यात. तिसऱ्या आज्ञेत दोन आडव्या रेघा आहेत, एक नाही. एक टाकलीस तर पुन्हा मला पत्र लिहिशील आणि आठ दिवस जातील.

शेवटी तो स्वतःच्या चाचण्या घेईल. सगळ्या पास झाल्याशिवाय स्वतःला बसवून घेणार नाही, हे मी मुद्दाम केलंय. हट्टी आहे. माझ्यावर गेलाय.

काही अडलं तर कोणत्या फाइलची कितवी ओळ ते कळव. मी इकडे काढून बघतो.

मामा


२० मार्च

मामा! मामा! मामा!

बसला! दोन रेघा टाकल्या, लायब्ररी बसली, मग तुझा प्रोग्राम बसला. सुरू करायला गेले तर यंत्र म्हणे, असा कोणी प्रोग्रामच नाही. आत्ताच तर बसवला! मग कळलं, माझ्या फोल्डरात बघ असं यंत्राला सांगावं लागतं. ते मी तुला न विचारता केलं, पाठ थोपट. चाचण्या एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस पास.

आणि ऐक. मधमावशीच्या चाळीसच्या चाळीस पेट्या जुन्या माश्यांशी जुळल्या! मी तशीच सायकलवर टांग मारून तिच्याकडे गेले. तिनं मला असं कवटाळलं की बरगड्या मोडायच्या बाकी राहिल्या. म्हणाली, "तुझ्या मामाला सांग, त्यानं माझं घर वाचवलं." एक तारखेला अहवाल अधिकाऱ्यांना देणार आहे.

मामा, तुझं काम अजून जिवंत आहे. हे तुला कळवायचं होतं.

तुझी, हवेत चालणारी,
भिंगरी


२४ मार्च

भिंगरे,

पाठ थोपटली. आता बस.

मी बेचाळीस चाचण्या लिहिल्या होत्या. एक्केचाळीस नाही. रागावलो नाहीये असं मामीनं लिहायला सांगितलंय, पण रागावलोय. एक चाचणी नापास होत होती, प्रोग्राम बसेना, आणि तू तिला यादीतून काढून टाकलंस. हो ना? मीही तरुण होतो, मला शिकवू नकोस.

शेवटची चाचणी होती ती, बेचाळिसावी. अधिकाऱ्यांकडे जाऊ नकोस. आधी प्रोग्रामला असं काहीतरी दे जे मधमाशी नाहीच. एखादं झाड, भाजी, काहीही. काय म्हणतो ते बघ आणि मला कळव.

मामा


२५ मार्च

भिंगरी बाळा,

हे पत्र तुझ्या मामाला न सांगता टाकतेय, वाचून फाडून टाक.

तो "इकडे काढून बघतो" असं लिहितो ना, त्यामुळे तुला वाटत असेल की त्याच्यासमोर यंत्र आहे. त्याचं यंत्र दीड वर्षापूर्वी बंद पडलं. दुरुस्त कर म्हटलं तर म्हणाला, कशाला, आता माझं लिहिलेलं कोण चालवतंय? त्या सोर्स कोडची एक छापील प्रत होती, हा एवढा गठ्ठा. तो रद्दीत घालायला निघाला होता, मी घालू दिला नाही. कागद जाड होता, स्वयंपाकघरातल्या सगळ्या फळ्यांवर अंथरला.

तर तुझं पहिलं पत्र आल्यापासून हा माणूस माझ्या फळ्यांत डोकं घालून बसलाय. डबे जमिनीवर, हा गुडघ्यांवर, हातात टॉर्च. तुला हवी असते ती ओळ नेमकी पिठाच्या डब्याखाली निघते. काल बेचाळिसाव्या चाचणीचं पान तेलाच्या डब्याखाली सापडलं, अर्धं तेलकट. तेवढ्यासाठी दुपारचं जेवण चार वाजता झालं.

मी ओरडते, पण खोटं. इतका खुशीत मी त्याला निवृत्तीनंतर पाहिलेला नाही. पोस्टमन यायच्या वेळेला दाढी करून बसतो. तेव्हा बाळा, तुझी चूक झाली असेल तर मनाला लावून घेऊ नकोस, आणि पत्रं थांबवू नकोस.

तुझी मामी


२९ मार्च

प्रिय मामा,

मी टोमॅटो दिला.

शेजारच्या विभागात टोमॅटोवर काम चालतं, त्यांच्याकडून त्याच्या जनुकांचे तुकडे मागून आणले. 'जुळणी'नं सांगितलं की टोमॅटो मधमावशीच्या माश्यांचा सख्खा नातेवाईक आहे. माश्यांपेक्षाही जवळचा. मॅडम हसता हसता खुर्चीवर बसल्या आणि मग मला म्हणाल्या, "मावशीला कोण सांगणार?"

हो, चाचणी मीच काढली. नापास होत होती, आणि मला वाटलं एवढी जुनी चाचणी, तिचंच काहीतरी बिघडलं असेल. तुला लिहिलं नाही कारण तू हसशील असं वाटलं. चाळीसच्या चाळीस जुळल्यावर तर मला ती आठवलीही नाही. आठवायची नव्हती. आता तिच्यावर तू काय लिहून ठेवलंयस ते वाचलं: "नातं नसलेल्यांना नाही म्हणता येतं का?" वाचून कानशिलं तापली.

मावशीला मीच जाऊन सांगितलं, त्याच दुपारी. सगळं, टोमॅटोसकट. तिनं पेटीचं झाकण लावलं आणि आत निघून गेली. मी बराच वेळ अंगणात उभी होते. मग मॅडमनी निरोप पाठवला की पहिलं काहीच धरायचं नाही, नव्यानं तपासायला प्रत्येक पेटीतल्या माश्या पुन्हा द्या. तेव्हा तीच चाळीस नळ्या घेऊन आली, टेबलावर ठेवल्या आणि गेली.

आता तुझी पाळी. बेचाळिसावी चाचणी कुठे अडते ते शोधत शोधत मी ओळ ३१८ पर्यंत पोचले. तिथे 'नाही' असं उत्तर साठवलं जातं. आणि वर तुझ्या हातची टीप आहे: "इथे यंत्रावर भरवसा ठेवलाय. पुढच्या आठवड्यात नीट करतो." बावीस वर्षं झाली मामा. तो आठवडा कधी येतोय?

पण काय नीट करायचंय ते मला कळत नाही. सांग. सतरा दिवस उरलेत.

भिंगरी

ता. क. ओळ ३१८ तुझ्याकडे कोणत्या डब्याखाली आहे? मामीनं मला काहीही सांगितलेलं नाही.


२ एप्रिल

भिंगरे,

चहाच्या डब्याखाली. आणि मामीशी मी दोन तास बोललो नाही, मग भूक लागली.

चूक माझी आहे. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा लिहिलेलं नाही, म्हणून जपून ठेव. तू चाचणीचं तोंड बंद केलंस हे वाईटच, पण ती खरं सांगत होती, आणि ज्याबद्दल सांगत होती ते मी बिघडवलेलं होतं.

ऐक. नातं नसेल तर प्रोग्राम 'उणे एक' असा आकडा लिहून ठेवतो. तो आकडा मी अशा छोट्या खणात ठेवला, ज्यात उणे आकडे बसतात की नाही ते यंत्र ठरवतं. माझ्या यंत्रात बसायचे. तुमच्या नव्या जातीच्या यंत्रात त्या खणात उणे बसतच नाही, तिथे उणे एक ठेवलं की दोनशे पंचावन्न होतं. आणि मोठा आकडा म्हणजे जवळचं नातं. म्हणून तुझा टोमॅटो सगळ्यात सख्खा. तेव्हाच मला शंका आली होती की कधीतरी दुसऱ्या जातीचं यंत्र येईल. म्हणून टीप लिहिली. मग जेवायला गेलो असेन.

ओळ ३१८ वर खणाच्या नावाआधी एकच शब्द घाल: साइन्ड, म्हणजे उणे आकडेही चालतील. इंग्रजीत, लहान अक्षरात. एक शब्द, पोरी. पुन्हा कंपाइल कर आणि बेचाळिसावी चाचणी तिच्या जागी परत ठेव. टीप खोडून टाक. तिच्या जागी काय लिहायचं ते तूच ठरव, आता तो प्रोग्राम तुझाही आहे.

तू त्या बाईंकडे आपणहून गेलीस, ते वाचून मी पत्र घडी घालून थोडा वेळ खिडकीत बसलो. एरर सगळेच करतात. हातानं उतरवून समोर नेऊन देणारे थोडे. मला तुझा फार अभिमान वाटतो. लेखी देतोय.

मामा


७ एप्रिल

प्रिय मामा,

एक शब्द घातला. बेचाळीसपैकी बेचाळीस. टोमॅटो आता टोमॅटोच आहे, कोणाचाही कोणी लागत नाही. मॅडमनी सगळ्या विभागाला बोलावून तो निकाल दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. 'नाही' या शब्दावर एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. तुझी टीप खोडली नाही, तिच्याखाली लिहिलं: "आला तो आठवडा."

पण मामा, मावशीच्या चाळीस नळ्यांपैकी सदतीसच जुळल्या. सतरा, अठ्ठावीस आणि चाळीस या जुळत नाहीत. अजिबात नाहीत. तीनदा चालवून पाहिलं. नवीन सोर्स कोड वेगळ्या यंत्रावर कंपाइल करून पाहिलं. तेच.

तीन पेट्या जातील एवढ्यावर हे थांबत नाही. अधिकारी सरळ विचारतील, या तीन पेट्या परक्या वंशाच्या असूनही धडधाकट आहेत, मग वंशाचा आणि निरोगी असण्याचा संबंध काय राहिला? आणि चाळीसही जाळतील. क्षणभर वाटलं, त्या तीन नळ्या खराब झाल्या असं लिहावं. क्षणभरच. अहवालात आहे तसंच लिहिलंय: सदतीस जुळतात, तीन नाहीत.

उद्या अधिकाऱ्यांच्या आधी मावशीला सांगायला जातेय.

भिंगरी


१६ एप्रिल

भिंगरीचे मामा,

नमस्कार. तुमची माझी ओळख नाही, पत्ता तुमच्या भाचीकडून घेतला. मला पत्रं लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. ती पोरगी स्वतः लिहीन म्हणत होती, मी म्हटलं, हे मलाच लिहू दे, कारण गुन्हा माझा आहे.

ते टोमॅटोचं झालं तेव्हा मी घाबरले होते. खोटं कशाला बोलू, माझा त्या यंत्रावरचा विश्वास उडाला होता. आधी सगळ्यांना हो म्हणालं, उद्या सगळ्यांना नाही म्हणेल. माझी बहीण इथून दोन तासांच्या वाटेवर, रोगाच्या पट्ट्याबाहेर राहते, तिच्याकडे साध्या माश्या आहेत, माझ्या माश्यांशी काहीही संबंध नाही. तिच्याकडून माणसाबरोबर तीन नळ्या मागवल्या आणि सतरा, अठ्ठावीस, चाळीस असे आकडे घालून माझ्या नळ्यांत मिसळल्या. कोणाला सांगितलं नाही. म्हटलं, बघू, ओळखतंय का.

आठ तारखेला पोरगी आली. तोंड उतरलेलं, ओठ सुकलेले. म्हणाली, "मावशी, सदतीस जुळतात. सतरा, अठ्ठावीस आणि चाळीस जुळत नाहीत. मी तसंच लिहिलंय." मी मटकन खाली बसले आणि हसायला लागले. तिला वाटलं मला भोवळ आली, पाणी आणायला धावली. मग सांगितलं तर माझ्याकडे बघतच राहिली, आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना मी स्वतः सगळं सांगितलं. ते चिडले, चिडायलाच हवं होतं. पण मग त्यांनीच माझ्या त्या तीन पेट्यांतून समोर उभं राहून माश्या घेतल्या, नळ्यांना मोहोर लावली आणि प्रयोगशाळेत नेल्या. त्याही जुळल्या. अधिकारी म्हणाले, जे यंत्र न सांगता लबाडी पकडतं त्याच्याशी मी वाद घालत नाही.

तुम्हाला मात्र एक सांगायचंय. माझा विश्वास यंत्रावर नंतर बसला. पोरीवर आधीच बसला होता. ती त्या दुपारी आपणहून आली, कोणी पाठवली नव्हती, आणि "माझी चूक झाली, तुमच्या पेट्या वाचल्या असं मी सांगितलं ते खरं नव्हतं" असं माझ्या अंगणात उभं राहून म्हणाली. म्हणून मी तिला परत नळ्या दिल्या, दुसऱ्या कोणाला दिल्या नसत्या.

काल पंधरा तारीख होती. अधिकारी सकाळी आले आणि पेट्या राखायच्या कागदावर सही करून गेले. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत पोरगी ताठ उभी होती. मग पहिल्या पेटीवर डोकं टेकवून ढसाढसा रडली. मी तिला रडू दिलं. माश्या तिच्या केसांवरून ये-जा करत होत्या, पण एकीनंही तिला डंख मारला नाही.

तुमची,
मधमावशी